चार लुगडी आणि मेथ्यांचा वास

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाताना रस्त्यालगतच्या एका ओट्यावर कागदाच्या टोपल्या वाळत घातलेल्या दिसल्या, म्हणून मी गाडी थांबवली. कुरडया, शेवया ठेवायला पूर्वी घरोघरी असायच्या तशा. प्लास्टिकचे डबे आले आणि त्या माळ्यावर गेल्या, मग तिथूनही गेल्या. इथे मात्र ताज्या, ओलसर, करड्या रंगाच्या टोपल्या उन्हाला बसल्या होत्या.

ओट्यावर चढले तर पहिला वास आला तो मेथ्यांचा. कडवट, दाट, ओल्या रद्दीत मुरलेला. नातवंडांच्या जुन्या वह्या आणि वर्तमानपत्रं भिजवायची, भिजलेल्या मेथ्या वाटून त्यात घालायच्या, सगळं उखळात कुटायचं आणि उपड्या पातेल्यावर ओलं फडकं टाकून थापायचं. मेथ्या कशाला, असं विचारलं तर टोपल्या करणाऱ्या आजी म्हणाल्या, “चिकट व्हतं, अन् कसर लागत न्हाई.” लगदा थापताना त्या बोटांनी जाडी चाचपत होत्या. कडेला जरा जास्त, बुडाला सारखा. वाळल्यावर टोपली उचलली जाते ती कडेला धरून, म्हणून.

पण आजींचा जीव गोधडीत. टोपल्या सकाळच्या, दुपारी जेवणं आवरली की सोप्यात गोधडी पसरायची. पुन्हा उठेपर्यंत मेथ्यांचा वास हाताला तसाच.

“एकीत चार लुगडी जिरत्यात, ताई,” त्यांनी बसताबसताच सांगितलं. वरखाली चांगला भाग, पोटात विरलेली धोतरं, परकर, उरलेले तुकडे. टाके बाहेरच्या काठापासून सुरू होतात आणि चौकोनात फिरत फिरत मध्याकडे जातात. उजवा हात वरून सुई घालतो. डावा कापडाच्या पोटाखाली असतो, सुईचं टोक लागलं की तिला वर ढकलतो. त्या बोटाची कातडी पार राठ झाली आहे. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि डोळे बहुतेक वेळ माझ्याकडे. एका जागी हिरवं ठिगळ लाल काठाशेजारी आलं होतं. ते त्यांना आवडेना. चार ओळी उसवल्या, ठिगळ फिरवलं, पुन्हा शिवायला घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला दिसलंही नसतं. ही हौस आहे आणि हे कसबही आहे. दोन्ही एकाच हाताला असू शकतात, एवढं आपण मान्य करायला हवं.

अडचण आहे ती त्या चार लुगड्यांचीच. सुनेच्या कपाटात सुती साडी एकही नाही. सिंथेटिक कापड थरात सरकतं, सुई घसरते, घाम टिपत नाही. आजी कापड अंगठ्यात चोळतात आणि लगेच बाजूला टाकतात. चार लुगडी जमवायला आता नात्यागोत्यात निरोप धाडावे लागतात. शिवायला पंधरा दिवस, तेही दुपार-दुपार.

याच रस्त्याने भीमा ओलांडली की दौंड तालुक्यात चौफुल्याजवळ केडगाव लागतं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी, निराधार मुलीबायकांना तिथे आसरा दिला आणि ‘मुक्ती’ या आपल्या संस्थेत त्यांच्या हाताला विणकाम, शिवणकाम, छपाई शिकवली. रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबल छापलं तेही तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून. सुईला आणि कागदाला त्यांनी पोट भरणारी विद्या मानलं. ओट्यावरच्या त्याच कामाला आपण ‘रिकाम्या वेळेचा उद्योग’ म्हणतो, हे मला पटत नाही.

चिंधी आणि कागद यांची सोयरीक या जिल्ह्याला नवी नाही. जुन्नरचा हातकागद पेशव्यांच्या दफ्तरात वापरला जाई. पुण्यात शिवाजीनगरला 1940 साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांचा लगदा करून कागद घडवला जातो. गोधडीलाही न चालणारी चिंधी तिथे कामी येते, हे सांगितल्यावर आजींना फार बरं वाटलं. “म्हंजे वाया काय जात न्हाई,” म्हणाल्या आणि कोपऱ्यातलं चिंध्यांचं गाठोडं नीट बांधून ठेवलं.

आमच्यादेखत शहराकडच्या एक बाई गोधडीचा भाव विचारून गेल्या. बाजारात मशीनवर शिवलेली निम्म्यात मिळते, असं त्यांचं म्हणणं. आजी काही बोलल्या नाहीत, सुई ओवत राहिल्या. मला मात्र राग आला. मशीनच्या गोधडीशी घासाघीस करायची असेल तर तीच घ्यावी. या हाताचा भाव त्या मापाने ठरवू नये.

घरात आईचं, आजीचं सुती लुगडं पडून असेल तर ते एका पातेल्यासाठी बोहारणीला देऊ नका. चार जमली की गावातल्या शिवणाऱ्या बाईकडे न्या आणि तिचे पंधरा दिवस धरून, घासाघीस न करता मजुरी द्या.