सोलरच्या बॅटरीजवळून आवाज येतोय? कोणता साधा, कोणता धोक्याचा?

मामाच्या शेतघरात महावितरणची लाइन पोहोचलेली नाही. पत्र्यावर दोन सोलर पॅनेल, भिंतीवर चार्ज कंट्रोलर, खाली बॅटरी आणि शेजारी छोटा इन्व्हर्टर, एवढ्यावर घर चालते. उन्हाळ्यात एक दिवस मामाचा फोन आला, ‘कंट्रोलर ओरडतोय, बघून जा.’ इंजिनीअरिंगची पदवी असली की नात्यातल्या प्रत्येक बिघाडाचा फोन आपल्यालाच येतो!

गेलो तेव्हा आवाज एक नव्हे, दोन निघाले. एक मोठा, सतत गुणगुणणारा. दुसरा अगदी बारीक, मधूनच होणारी तडतड. मामाला भीती पहिल्याची होती. प्रत्यक्षात पहिला निरुपद्रवी होता. दुसऱ्याच्या जागी मात्र बॅटरीच्या वायरचे आवरण वितळू लागले होते.

सोलर यंत्रणेतला आवाज किती मोठा आहे, यावरून धोका कळत नाही. तो कधी येतो, हे पाहिले की दोषी कोण ते बहुतेक वेळा सापडते.

आधी आवाजाची वेळ पाहा

घरातले दिवे, पंखा, मिक्सर एकेक करून बंद करा. आवाज थांबला तर तो इन्व्हर्टरचा, त्या उपकरणाचा किंवा बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरचा आहे.

सगळे बंद करूनही आवाज सुरू असेल तर पॅनेलवर जाड चादर किंवा ताडपत्री टाका. आवाज थांबला तर तो पॅनेल, कंट्रोलर किंवा चार्ज होणाऱ्या बॅटरीचा. उन्हाबरोबर वाढणारा आणि ढग आला की कमी होणारा आवाजही याच गटातला.

दोन्ही करून आवाज तसाच राहिला तर इन्व्हर्टर नुसता चालू आहे का ते पाहा. तोही बंद असेल तर कंट्रोलरच्या जाळीत डोकवा. गांधीलमाश्यांना अशी उबदार जागा आवडते!

गुणगुण : बहुतेक वेळा साधी

स्वस्त कंट्रोलर ‘पीडब्ल्यूएम’ प्रकारचे असतात. बॅटरी भरत आली की ते पॅनेलचा प्रवाह सेकंदाला अनेक वेळा चालू-बंद करतात. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि ही उघडझाप अनेकदा त्याच पट्ट्यात असते. त्या तालावर आतले भाग किंचित थरथरतात आणि गुणगुण ऐकू येते. म्हणूनच ती दुपारी, बॅटरी भरत आल्यावर वाढते. मामाच्या कंट्रोलरचे ‘ओरडणे’ हेच होते.

‘एमपीपीटी’ कंट्रोलरमध्ये ही उघडझाप खूप वेगाने होते. तरी आतल्या कॉइलमधून कधी कधी बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. तोही एकसारखा असेल तर चिंता नको.

इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झने घुमतो. तो त्याचा स्वभावच आहे. इन्व्हर्टर ‘स्क्वेअर वेव्ह’ प्रकारचा असेल तर पंखाही घुमतो, कारण त्याला मिळणाऱ्या विजेची लहर गुळगुळीत नसते.

गुणगुण अचानक बदलली, जळका वास आला किंवा डब्याला हात लावणे अवघड झाले, तर मात्र यंत्रणा बंद करा. खरखर येत असेल तर कूलिंग फॅनमध्ये धूळ बसली असावी किंवा त्याचे बेअरिंग गेले असावे.

टकटक : किती वेळा, ते मोजा

ज्या यंत्रणेत रिले असतो, तिथे सकाळ-संध्याकाळ किंवा वीज चालू-बंद होताना एखादा ‘टक्’ येणे नेहमीचे आहे. पण पंखा लावताच टक्, पंखा बंद. थोड्या वेळाने पुन्हा टक्, पंखा सुरू, असे चक्र चालले तर बॅटरी थकली आहे किंवा जोड ढिला आहे. लोड येताच व्होल्टेज कोसळते, यंत्र लोड तोडते. लोड गेला की व्होल्टेज सावरते, यंत्र पुन्हा जोडते.

मल्टिमीटर असेल तर काही तास विसावलेली बॅटरी मोजा. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास आकडा दिसतो. चार्ज करूनही तो १०.५ च्या पुढे टिकत नसेल, तर सहापैकी एक सेल निकामी झाल्याची शक्यता मोठी.

बुडबुड : आवाज छोटा, काळजी मोठी

पाणी भरायच्या बॅटरीचे व्होल्टेज चार्जिंगच्या शेवटी १४.४ च्या आसपास जाते, तेव्हा आत बुडबुडे येतात. पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. थोडी बुडबुड चालते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालणारी नाही. तेव्हा कंट्रोलरचे सेटिंग चुकले आहे किंवा बॅटरी तापते आहे, असे समजा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचे किंवा विहिरीचे नको.

हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. म्हणून बॅटरी बंद पेटीत, चुलीजवळ किंवा देवघराखाली ठेवू नका.

सीलबंद बॅटरीतून फुसफुस आली तर चार्जिंग बंद करा. लिथियम बॅटरीत तर असा कुठलाच आवाज अपेक्षित नाही. ती फुगली किंवा फुसफुसली तर उघडायला जाऊ नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला कळवा.

तडतड : इथे थांबायचे नाही

तडतड म्हणजे ढिल्या किंवा गंजलेल्या जोडात ठिणग्या पडत असल्याची खूण. घरगुती एसी विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. पॅनेल आणि बॅटरीची वीज डीसी असते, तिला ही उसंत नसते. म्हणून साधा एसी एमसीबी इथे भरवशाचा नाही, डीसीसाठीचाच हवा.

मामाकडे तडतड फक्त मिक्सर लावल्यावर होत होती. ५०० वॉटचा मिक्सर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ४० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. ढिल्या जोडात अर्धा व्होल्ट जरी वाया गेला, तरी एकाच नटावर २० वॉट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी! वायरला लग नव्हता, तारा पिळून नटाखाली दाबल्या होत्या. मिक्सर चालायचा दुपारी, म्हणजे नेमकी बॅटरी बुडबुडत असताना. ठिणगी आणि हायड्रोजन हातभर अंतरावर होते. त्यातून बॅटरी फुटली असती तर ॲसिड अंगावर उडाले असते.

बंद करायचा क्रम

आधी घरातला लोड बंद. मग पॅनेल झाका किंवा त्याचा आयसोलेटर बंद करा. बॅटरी सगळ्यात शेवटी काढा. जोडताना उलट, बॅटरी आधी. पॅनेल जोडलेले असताना बॅटरी काढली, तर १२ व्होल्टच्या पॅनेलचे २० व्होल्टहून अधिक व्होल्टेज थेट कंट्रोलरवर येऊ शकते. चालू प्रवाहात पॅनेलचा कनेक्टर ओढू नका, तिथेच ठिणगी पेटते.

अंगठी, कडे काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. बुडबुड चालू असेल तर खिडकी उघडा आणि थोडा वेळ जाऊ द्या, मगच टर्मिनलला हात लावा. सौर कृषिपंपाचा कंट्रोलर मात्र स्वतः उघडू नका. तिथे शेकडो व्होल्ट डीसी असते.

तंत्रज्ञाला बोलावण्याआधी सुरक्षित अंतरावरून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. किती वाजले होते, ऊन कसे होते, कोणते उपकरण चालू होते, तेही सांगा. ‘काहीतरी आवाज येतोय’ यापेक्षा ‘मिक्सर लावला की तडतड होते’ एवढे वाक्य त्याचा अर्धा शोध वाचवते.

मामाने पक्के लग बसवून घेतले. कंट्रोलर अजूनही दुपारी गुणगुणतो. आता त्यासाठी फोन येत नाही.