गाडी ‘टक्’ करते तेव्हा

गॅरेजला फोन येतो तेव्हा गिऱ्हाइकानं निदान आधीच करून ठेवलेलं असतं. ‘सेल्फ गेला, नुसतं टक् टक् करतंय.’ आम्हा वायरिंगवाल्यांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो, ‘साहेब, एकदाच टक् होतं की टकटकटक चालूच राहतं?’ बऱ्याच जणांना ही टाळाटाळ वाटते. खरं तर अर्धं काम या उत्तरातच होतं.

चावी फिरवली की सेल्फवरच्या सोलेनॉइडमधला लोखंडी दांडा खेचला जातो. तो सेल्फचं पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत घालतो आणि तांब्याचे जाड पॉइंट जोडून मोटरला करंट देतो. छोट्या पेट्रोल गाडीतही ही मोटर शंभर अँपिअरच्या आसपास किंवा वर खेचते. बॅटरी बसलेली असेल तर पॉइंट जुळल्याबरोबर व्होल्टेज कोसळतं आणि दांडा सुटतो. भार गेला की व्होल्टेज वर येतं, दांडा पुन्हा खेचला जातो. ती टकटक हीच. एकच दणदणीत टक् होऊन सगळं गप्प झालं, तर दांडा गेला पण मोटर फिरली नाही. अशा वेळी पॉइंट जळालेले असतात, कार्बन झिजलेले असतात, नाहीतर जाड वायरींच्या रस्त्यात कुठेतरी अडलेलं असतं.

2020 चा लॉकडाउन सैल झाला तेव्हा पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जिकडेतिकडे हीच टकटक होती. दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाड्या, आणि केबल घेऊन धावणारे आम्ही. तेव्हा लोक विचारायचे, काळी केबल बॅटरीवर न लावता लांब इंजिनाच्या लोखंडावर का लावता? बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि शेवटच्या चिमट्याला ठिणगी पडतेच. ती ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी पडू द्यायची नाही, एवढंच. घाईत हा क्रम चुकवणाऱ्या माणसाच्या हाती मी केबल देत नाही.

एका शाळेतल्या बाईंची गाडी आठवते. आदल्याच दिवशी दुसरीकडे नवी बॅटरी बसवलेली, आणि सकाळी पुन्हा टक्. दुकानदारानं फसवलं म्हणून त्या चिडलेल्या. मीटर लावला तर बॅटरी भरलेली होती, 12.6 व्होल्ट. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर ठेवली, दुसरी त्यावर कसलेल्या क्लॅम्पवर, आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, म्हणजे आकडा शून्याजवळच हवा. तो तीनच्या वर गेला. झालं होतं असं की खुंट बारीक होता, क्लॅम्प जाड खुंटाचा. वरून कसलेला दिसत होता, पण आत जेमतेम एका कडेला टेकत होता. शिवाय क्लॅम्पवर जुन्या बॅटरीच्या काळातला पांढरा-हिरवा थर तसाच. आधी निगेटिव्ह सोडवली, खायचा सोडा घातलेलं गरम पाणी क्लॅम्पवर ओतलं. थर फसफसून निघाला, तांबं उघडं पडलं. योग्य मापाचा क्लॅम्प घातला आणि गाडी पहिल्या चावीला चालू झाली. ‘बाई, बॅटरी चांगली आहे,’ म्हटलं, ‘बसवणाऱ्यानं हात आखडता घेतला.’

त्याहून चकवणारी भानगड अर्थिंगची. क्लचचं काम करून आलेली एक डिझेल जीप एकदाच टक् करून थांबायची. चालकानं दोन-तीनदा सेल्फ मारला आणि डॅशबोर्डखालून धूर यायला लागला. अॅक्सिलरेटरची केबल हात लावू नये इतकी तापलेली! गिअरबॉक्स चढवताना इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी कसायची राहून गेली होती. करंटला परत जायला रस्ता हवाच असतो. जाड पट्टी नाही म्हटल्यावर तो त्या बारीक केबलमधून गेला. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनापर्यंत एक जंपर केबल धरली, आणि इंजिन लगेच फिरलं. त्या जीपच्या मालकाला आधी कुणीतरी नवा सेल्फ घ्यायला सांगितलं होतं.

सेल्फला पान्यानं ठोकण्याची युक्ती सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक असते. झिजलेले कार्बन ठोक्यानं क्षणभर टेकतात आणि मोटर फिरते. एका टुरिस्ट टॅक्सीवाल्यानं कितीतरी दिवस त्यावरच भागवलं. सेल्फ खोलला तेव्हा आत काळी भुकटी, आणि कार्बन स्प्रिंगपर्यंत संपलेले. नाना पेठेत कार्बनचा सेट मिळतो, नव्या सेल्फच्या मानानं अगदी थोडक्यात. पण ठोकून ठोकून आतल्या चुंबकाला चीर गेली होती. हल्लीच्या पुष्कळ सेल्फांत कॉइलऐवजी ठिसूळ चुंबक असतात. ते फुटले की दुरुस्ती संपली. त्याला सेल्फ नवाच घ्यावा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं.

चावी धरून ठेवण्याची सवय तर सर्वांत वाईट. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगनं 1912 च्या कॅडिलॅकसाठी विजेचा सेल्फ बनवला. त्याआधी त्यानं दुकानातल्या कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवली होती, आणि तिथलंच तत्त्व इथे वापरलं: थोडाच वेळ चालवायची असेल तर लहान मोटरकडूनही मोठं काम करून घेता येतं. सेल्फ आजही त्याच तत्त्वावर बनतो. दहा सेकंदांच्या आत सोडा, थोडं थांबा, मग पुन्हा मारा.

गॅरेजमध्ये गेलात तर तीन आकडे मागा. गाडी बंद असताना बॅटरी 12.6 च्या आसपास, सेल्फ मारताना साधारण 9.6 च्या खाली नाही, आणि इंजिन चालू झाल्यावर बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.4. मीटर न लावताच कुणी नवा सेल्फ सुचवत असेल, तर गाडी तिथे सोडू नका.