जबड्याच्या सांध्यावर शस्त्र केव्हां?

कानाच्या छिद्रापुढें दोन्ही बाजूंस एकेक बोट टेकून तोंड सावकाश उघडावें. बोटाखालीं गोटीसारखें एक हाड प्रथम जागच्या जागीं फिरतें आणि मग पुढें सरकतें, असें ज्याचें त्यास कळून येईल. हाच जबड्याचा सांधा. जुन्या वैद्यकग्रंथांतला हनुसंधि. दाराची बिजागरी नुसती फिरते. हा सांधा फिरतोही आणि घसरतोही. शिवाय डावा व उजवा असे दोन्ही सांधे एकाच हाडाचे असल्यामुळें एकाला दुसऱ्यावांचून हलतां येत नाहीं. जोडीपैकीं एक बैल लंगडला म्हणजे गाडी त्याच्या बाजूस ओढली जाते. तसाच एक सांधा अडला कीं तोंड उघडतांना हनुवटी त्या अंगास वळते. हाडाची गोटी आणि कवटीचा खळगा ह्यांच्या मध्यें एक लवचीक चकती असते. बहुतेक तक्रारींत पहिला संशय येतो तो तिचाच.

पुष्कळांच्या बाबतींत ही चकती पुढें निसटते. तोंड उघडतांना गोटी उडी मारून पुन्हां तिच्याखालीं येते आणि ‘कट्’ असा आवाज होतो. पंगतींत शेजारच्यासही तो ऐकूं गेला म्हणजे घरांत काळजी सुरू होते. वस्तुतः ज्या आवाजाबरोबर दुखणें नाहीं आणि तोंड पुरतें उघडतें, म्हणजे स्वतःचीं तीन बोटें त्यांत उभीं मावतात, त्याला कोणताच उपचार नको असतो. दुखत असेल तरीही आरंभ साधाच: मऊ अन्न, शेक, वेदनाशामक औषध, शिकून घेतलेला व्यायाम आणि रात्रीं दात खाणाऱ्यांसाठीं दांतांवर बसवायची पट्टी. बहुसंख्य रोग्यांना एवढ्यानेंच उतार पडतो. जांभई देतां देतां जबडा निखळला, तरी सहसा शस्त्र लागत नाहीं. शेक देऊन हाड जागीं आणावें व बंध बांधावा, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. आजचा डॉक्टरही दाढांवर आंगठे ठेवून जबडा खालीं व मागें दाबूनच तो बसवितो.

अवघड प्रसंग पुढचा. निसटलेली चकती दारांत अडकलेल्या पाचरीसारखी वाटेंतच राहते आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनासें होतें. १८८७ मध्यें एडिंबरोचे शस्त्रवैद्य टॉमस अ‍ॅनंडेल यांनीं सांधा उघडून अशी चकती मागें ओढली, टांक्यानें बसविली आणि तें वृत्त ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केलें. विचार सरळ होता: जी वस्तु जागेवरून सुटली ती जागेवर नेऊन बांधावी. पुढेंही शस्त्रवैद्यांचें लक्ष चकतीवरच खिळलें. ती बसवावी, नाहीं तर काढून टाकावी!

१९७५ मध्यें जपानांत मासातोशी ओनिशी यांनीं बारीक दुर्बीण ह्या सांध्यांत घालून दाखविली. दुर्बिणीनें पाहतांना सांधा धुवावा लागतो. आणि नवल असें कीं, नुसता धुतल्यानें व आंतले चिकटलेले धागे मोकळे केल्यानेंच पुष्कळांचीं तोंडें उघडूं लागलीं. चकती होती तेथेंच! तेव्हां १९९१ मध्यें डॉरिट नित्झान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुर्बीणही वगळली. कानापुढें दोन सुया; एकीतून क्षारजल आंत, दुसरीतून बाहेर; भूल तेवढ्या जागेपुरती. दुखण्याचें मूळ चकतीच्या जागेंत जितकें मानलें गेलें होतें, तितकें तें तेथें नव्हतें.

मधल्या काळांत ह्या समजुतीची किंमत अमेरिकेंतल्या रोग्यांनीं भरली. ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीच्या टेफ्लॉनयुक्त कृत्रिम चकतीला १९८३ मध्यें विक्रीची मोकळीक मिळाली, ती आधीच्या मालाशीं साम्य आहे एवढ्याच आधारावर. चावण्याचा दाब त्या पदार्थास सोसवेना. त्याचा भुगा झाला. भुग्यावर शरीराच्या पेशी तुटून पडल्या. आणि त्या झटापटींत शेजारचें हाडच झिजलें, कांहींचें तर कवटीच्या तळापर्यंत. १९९० मध्यें कंपनीचें दिवाळें निघालें आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत सरकारी औषध-प्रशासनानें धोक्याची सूचना काढली. तोंवर अनेकांच्या मागें शस्त्रक्रियांची मालिकाच लागली होती.

आज रोग्याच्या कवटीचें संगणकीय चित्र घेऊन त्याच्याच मापाचा संपूर्ण कृत्रिम सांधा धातूचा व कठीण पॉलिएथिलीनचा घडवितां येतो. पण तो शेवटचा उपाय. कानापुढच्या छेदांतून आंत जातांना चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या फांद्या वाटेंत येतात. कपाळाची फांदी दुखावली तर भुंवई वर जात नाहीं. आणि खळग्याचें छत इतकें पातळ कीं सुकी कवटी उजेडासमोर धरल्यास त्यांतून उजेड दिसतो. पलीकडे मेंदू असतो.

एका विकारांत मात्र दिरंगाईच घातक ठरते. मूल जिन्यावरून हनुवटीवर पडतें. हनुवटीच्या जखमेला टांके पडतात, सांध्याकडे कोणी पाहत नाहीं. आंत हाड मोडून रक्त सांचलेलें असतें. मूल दुखण्यामुळें तोंड हलवीत नाहीं. आणि कांहीं महिन्यांत गोटी व खळगा हाडानें सांधले जातात. दातखीळ म्हटली कीं धनुर्वात आठवतो. पण तेथें स्नायू आवळलेले असतात, येथें हाडच जुळलेलें असतें. पोळीचा घास जात नाहीं, दांत घासतां येत नाहींत, खालचा जबडा वाढत नाहीं, हनुवटी आंत जाते आणि रात्रीं जीभ मागें पडून श्वास कोंडतो. ह्या मुलाला औषध नाहीं, पट्टी नाहीं, शस्त्रच हवें.

भूल देणेंही येथें सोपें नसतें. तोंड उघडत नसल्यानें वांकणाऱ्या दुर्बिणीच्या साहाय्यानें नाकांतून श्वासनलिकेंत नळी घालावी लागते. मग जुळलेलें हाड कापून काढतात. तें पुन्हां जुळूं नये म्हणून कानशिलाच्या स्नायूचा पदर मध्यें घालतात. लहान मुलांत कधीं बरगडीचें कूर्चेसह टोंक नवी गोटी म्हणून बसवितात, मात्र तें किती वाढेल ह्याचा नेम नसतो. शस्त्रवैद्याचें काम इथें कांहीं तासांत आटोपतें. पुढें महिनोन्‌महिने दिवसांतून अनेकदां मुलाच्या दांतांमध्यें लाकडी चपट्या काड्यांची चळत सरकवायची: आज आठ, जमल्यास उद्यां नऊ. मूल रडतें, आईचा हात कचरतो. पण चळत थांबली कीं हाड पुन्हां जुळूं लागतें. म्हणून काड्या मोजण्याचें काम तिलाच करावें लागतें.