पार्थेनॉनची शिल्पे आणि परतीचा प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ग्रंथांत गढून जात, ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या प्रत्येक वाचकास ठाऊक आहे. त्या संस्थेचे नाव आपल्या समाजात आदराने घेतले जाते ते मुख्यतः या आठवणीमुळे. मात्र त्याच वास्तूच्या पश्चिम भागातील एका दीर्घ दालनात जे संगमरवरी शिल्पवैभव मांडलेले आहे, त्यावरून ब्रिटन आणि ग्रीस या दोन देशांत चाललेला वाद आपल्याकडे फारसा समजावून सांगितला जात नाही. हा वाद केवळ दोन सरकारांचा नव्हे. पराधीन समाजाच्या वारशाविषयी त्याच्या राज्यकर्त्याने दिलेली संमती कितपत ग्राह्य मानावयाची, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

अथेन्स नगरीतील अ‍ॅक्रोपोलिस या टेकडीवर अथेना देवतेचे पार्थेनॉन हे मंदिर इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात उभारले गेले. पेरिक्लीस हा त्या वेळचा नगराचा नेता, इक्टिनस व कॅलिक्रेटिस हे स्थपती आणि फिडियास हा शिल्पकामाचा प्रमुख. जवळच्याच पेन्टेलिकॉन पर्वतातील संगमरवर त्यासाठी वापरला गेला. शिल्पे तीन प्रकारची होती. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी शीर्षभागांत देवदेवतांचे मोठे पुतळे होते. बाहेरील स्तंभांवर ९२ चौकोनी फलक होते व त्यांवर युद्धप्रसंग कोरलेले होते. आतल्या भिंतींच्या माथ्यावरून सुमारे १६० मीटर लांबीची सलग शिल्पपट्टी चारही बाजूंनी फिरत होती. या पट्टीत अथेन्सच्या उत्सवाची मिरवणूक आहे: घोडेस्वार, रथ, बळीचे पशू, जलकुंभ वाहणारे तरुण, संथ चालणाऱ्या कन्या आणि अखेरीस बसलेले देव. मिरवणूक एका टोकास सुरू होते व दुसऱ्या टोकास पोहोचते. पुढील विवेचनात हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

या वैभवाकडे भाबडेपणाने पाहण्याचे कारण नाही. ज्या अथेन्सच्या लोकशाहीचा गौरव केला जातो, तिच्यात दासांना व स्त्रियांना मतदानाचा अधिकार नव्हता. त्याच टेकडीवरील एरेक्थिऑन या दुसऱ्या मंदिराच्या बांधकामाचा हिशेब शिळांवर कोरलेला सापडला आहे. त्यात नागरिक, परदेशी रहिवासी आणि दास हे एकाच कामावर शेजारी शेजारी राबत असल्याचे व प्रत्येकाच्या नावे दिवसाला एक द्राख्मा मजुरी मांडल्याचे दिसते. दासाच्या नावची मजुरी अर्थातच त्याच्या धन्याकडे जाई. दगडावर ज्यांचे हात चालले त्यांची नोंद इतक्या स्पष्टपणे क्वचितच मिळते. म्हणून येथे तिचा उल्लेख केला.

पुढे ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर या मंदिराचे चर्च झाले आणि पंधराव्या शतकात अथेन्स ऑटोमन तुर्कांच्या हाती गेल्यावर त्याची मशीद झाली. इतके होऊनही वास्तू बऱ्याच अंशी उभी होती. १६७४ मध्ये एका चित्रकाराने केलेल्या रेखाटनांवरून तेव्हाची स्थिती कळते. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने टेकडीला वेढा दिला. तुर्कांनी पार्थेनॉनमध्ये दारूगोळा साठविला होता. त्यावर तोफेचा गोळा पडला आणि मंदिराचा मधला भाग छपरासह उडाला.

या भग्न अवस्थेत असलेल्या मंदिराकडे थॉमस ब्रूस, सातवा लॉर्ड एल्गिन, याची दृष्टी वळली. १७९९ मध्ये तो ऑटोमन दरबारी ब्रिटनचा राजदूत म्हणून नियुक्त झाला. आरंभीचा बेत शिल्पांची रेखाटने करावयाची व साचे घ्यावयाचे, एवढाच होता. स्कॉटलंडमधील आपले नवे घर सजविण्याचा विचारही त्यात होता. परंतु परिस्थिती बदलली. फ्रेंचांनी इजिप्त व्यापले होते आणि १८०१ मध्ये ब्रिटिशांच्या साहाय्याने तुर्कांना ते परत मिळाले. ब्रिटिश राजदूताला त्या घडीला नाही म्हणणे सुलतानाच्या दरबाराला अवघड होते. एल्गिनच्या माणसांना अ‍ॅक्रोपोलिसवर काम करण्याची मुभा देणारे पत्र याच सुमारास निघाले.

या पत्राचे मूळ तुर्की रूप आज उपलब्ध नाही. त्याचा इटालियन तर्जुमा तेवढा राहिला आहे. त्यात रेखाटने, साचे व खोदकाम यांस अडथळा करू नये, आणि कोरीव लेख किंवा आकृती असलेले काही दगड नेण्यास हरकत घेऊ नये, अशा आशयाचा मजकूर आहे. 'काही दगड' या शब्दांचा अर्थ काय? जमिनीवर पडलेले व उत्खननात सापडलेले, की मंदिरावर जागच्या जागी बसलेले? एल्गिनच्या माणसांनी दुसरा अर्थ घेतला आणि स्थानिक तुर्की अधिकाऱ्यांना नजराणे देऊन तो पचविला. २०२४ मध्ये युनेस्कोच्या समितीसमोर तुर्कस्तानच्या प्रतिनिधीने, या खरेदीला वैध ठरविणारा कोणताही दस्तऐवज आपल्याला ज्ञात नाही, असे सांगितले. ज्या साम्राज्याची परवानगी पुढे केली जाते, त्याच्या वारसदार राज्याचे हे निवेदन आहे, म्हणून त्याला वजन आहे.

काम इटालियन चित्रकार लुसिएरी याच्या देखरेखीखाली चालले. शिल्पपट्टीचे दगड भिंतीचाच भाग असल्यामुळे अतिशय जड होते. ते हलके व्हावेत म्हणून त्यांची मागील बाजू करवतीने कापून टाकण्यात आली. चौकोनी फलक सोडविण्यासाठी त्यांवरील कंगोऱ्याचे दगड खाली पाडावे लागले. एडवर्ड क्लार्क या इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, एक फलक उतरविताना शेजारचे बांधकाम कोसळले, तेव्हा तेथील तुर्की किल्लेदाराने तोंडातली चिलीम काढली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ग्रीक लोकांना तर कोणी विचारलेच नव्हते. १८०२ मध्ये शिल्पे नेणारे 'मेंटॉर' हे जहाज किथेरा बेटाजवळ बुडाले, व पाणबुड्यांकडून माल वर काढण्यात पुढील दोन वर्षे गेली.

एल्गिन कर्जबाजारी झाला आणि त्याने संग्रह ब्रिटिश सरकारला विकावयास काढला. १८१६ मध्ये संसदेच्या समितीने चौकशी केली. एल्गिनजवळ मूळ परवानगीपत्राची प्रत नव्हती. तरीही समितीने व्यवहार योग्य ठरविला आणि ३५,००० पौंडांस खरेदी मंजूर झाली. बाजूने ८२ मते, विरोधात ३०. त्या चर्चेत ह्यू हॅमर्स्ली या सदस्याने मांडलेली सूचना विसरली जाऊ नये. शिल्पे ब्रिटनने केवळ विश्वस्त म्हणून जपावीत आणि अथेन्सच्या भावी स्वामींनी मागणी करताच ती परत करावीत, असे त्याचे म्हणणे होते. सूचना फेटाळली गेली. त्याआधीच कवी बायरनने एल्गिनवर जळजळीत टीका केली होती. तेव्हा, आजच्या नीतीने दोनशे वर्षांपूर्वीच्या कृत्याचा न्याय करू नका, हा युक्तिवाद येथे टिकत नाही. त्या काळच्या इंग्रजांनाही हे कृत्य खुपले होते.

ग्रीकांनी १८२१ मध्ये उठाव केला व १८३० मध्ये त्यांचे स्वतंत्र राज्य मान्य झाले. शिल्पांच्या परतीची चर्चा तेव्हापासून अधूनमधून होत राहिली. तिला जगाच्या व्यासपीठावर नेले ते अभिनेत्री व पुढे सांस्कृतिक मंत्री झालेल्या मेलिना मर्कुरी यांनी. १९८२ मध्ये मेक्सिको येथील युनेस्कोच्या परिषदेत त्यांनी हा विषय मांडला आणि १९८३ मध्ये ग्रीस सरकारने अधिकृत मागणी केली. पुढील वर्षी ब्रिटनने नकार दिला. १९९४ मध्ये मर्कुरी यांचे निधन झाले.

ब्रिटिश पक्षाचे म्हणणे न ऐकता निकाल देणे उचित होणार नाही. एल्गिनने शिल्पे नेली नसती तर ती नष्ट झाली असती, असे तो पक्ष म्हणतो. यात तथ्य आहे. संगमरवर जाळून चुना करण्याची रीत तेथे होती; फ्रेंच हस्तकही याच शिल्पांवर टपलेले होते; विसाव्या शतकात अथेन्सच्या दूषित हवेने मंदिरावर उरलेल्या शिल्पांची झीज केली आणि पश्चिम बाजूची पट्टी १९९३ मध्ये उतरवून आत ठेवावी लागली. परंतु रक्षणाचा हा दावा लंडनमध्येही निष्कलंक राहिलेला नाही. १९३७-३८ मध्ये देणगीदार लॉर्ड डुव्हीन याच्या आग्रहाने, शिल्पे शुभ्र दिसावीत म्हणून, त्यांचा मूळ पृष्ठभाग तांब्याच्या हत्यारांनी खरवडण्यात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये, आपल्या संग्रहातील वस्तू चोरीस गेल्याचे संग्रहालयास जाहीर करावे लागले; गहाळ झालेल्या व मोडतोड झालेल्या धरून हा आकडा सुमारे दोन हजारांवर गेला आणि संचालकांनी राजीनामा दिला. शिवाय, आग लागलेल्या घरातील वस्तू वाचविणारा शेजारी धन्यवादास पात्र असतो. आग विझल्यावर त्या वस्तू त्याच्या होत नाहीत.

दुसरे म्हणणे कायद्याचे. १९६३ च्या ब्रिटिश म्युझियम कायद्याने विश्वस्तांना संग्रहातील वस्तू देऊन टाकण्यास, दुबार प्रतींसारखे थोडे अपवाद वगळता, मनाई केली आहे. नाझींनी एका ज्यू संग्राहकाकडून लुटलेली चित्रे परत करावयाची होती, तेव्हा २००५ मध्ये न्यायालयाने सांगितले की केवळ नैतिक कर्तव्य म्हणून विश्वस्तांना तसे करता येणार नाही. मग काय झाले? २००९ मध्ये संसदेने नाझी काळातील लुटीपुरता नवा कायदा केला. म्हणजे कायदा हा अडसर खरा, पण तो संसदेने घातलेला आहे व संसदेला काढता येतो.

येथे बौद्ध वाचकाच्या मनात अमरावतीचा विचार आल्यावाचून राहणार नाही. आंध्रातील त्या महान स्तूपाची शिल्पे याच ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १८४५ मध्ये वॉल्टर इलियट याने उत्खनन करून ती मद्रासला पाठविली; १८५९ मध्ये १२१ शिल्पे जहाजाने लंडनला गेली आणि १८८० मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आली. तथापि दोन्ही प्रकरणे एका मापाने मोजणे घाईचे ठरेल. पार्थेनॉन आजही उभे आहे. अमरावतीचा स्तूप मात्र स्थानिकांनी दगडांसाठी उकरून भुईसपाट केला होता. तेथील शिल्पांचा मोठा भाग चेन्नईच्या संग्रहालयातही आहे. परतीची मागणी करताना ती कोठे यावीत, हे आपल्यालाच आधी ठरवावे लागेल. याउलट, परत करता येते याचा दाखलाही आपल्याजवळ आहे. सांची परिसरातील स्तूपांतून १८५१ मध्ये काढलेले सारिपुत्त व मोग्गल्लान यांचे अस्थिधातू लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये होते. १९४७ मध्ये ते परत निघाले, प्रथम श्रीलंकेत गेले आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात प्रतिष्ठापित झाले. अर्थात संस्था वेगळी होती व १९६३ चा कायदा तेव्हा अस्तित्वात नव्हता.

आमच्या मते ग्रीसची बाजू सर्वांत बळकट होते ती मालकीच्या वादापेक्षा अखंडत्वाच्या मुद्द्यावर. शिल्पपट्टीचा सुमारे ७५ मीटर भाग लंडनमध्ये आहे, सुमारे ५० मीटर अथेन्समध्ये आणि थोडे तुकडे इतरत्र. मिरवणुकीतील पुढचा स्वार एका देशात व मागचा दुसऱ्या देशात, अशी ही स्थिती आहे. पश्चिमेकडील शीर्षभागातील पोसायडनची छाती अथेन्समध्ये तर खांदे लंडनमध्ये आहेत. दक्षिणेकडील एका फलकाचे धड लंडनला आणि त्यावरील दोन आकृतींची डोकी कोपनहेगनला आहेत. एरेक्थिऑनच्या सहा स्त्रीस्तंभांपैकी एक एल्गिनने नेला. उरलेले पाच अथेन्सच्या संग्रहालयात उभे आहेत व सहाव्याची जागा मोकळी सोडलेली आहे. एखादा ग्रंथ फाडून त्याची निम्मी पाने दुसऱ्या गावी ठेवावीत आणि तेथील वाचकांनाही तो वाचता यावा म्हणून असे केले, असे सांगावे, तशातला हा प्रकार आहे.

अथेन्समध्ये योग्य जागा नाही हा आक्षेपही आता उरलेला नाही. जून २००९ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी नवे अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय खुले झाले. त्याचा सर्वांत वरचा मजला पार्थेनॉनच्याच दिशेला वळवून बांधलेला आहे व काचेतून मंदिर समोर दिसते. तेथे मूळ दगड आपापल्या क्रमाने बसविले असून लंडनमधील भागांच्या जागी प्लॅस्टरच्या प्रतिकृती लावल्या आहेत. मधाळ रंगाचा जुना दगड आणि पांढरे प्लॅस्टर यांतला फरक मुलांनाही कळतो.

काही संस्थांनी आपले तुकडे परतही केले आहेत: २००६ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने आणि मार्च २०२३ मध्ये व्हॅटिकनने, तीन तुकडे. ब्रिटिश म्युझियम व ग्रीस यांच्यातही वाटाघाटी झाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी ग्रीक पंतप्रधानांशी ठरलेली भेट या विषयावरूनच ऐनवेळी रद्द केली. अडचण एका शब्दापाशी आहे. संग्रहालय शिल्पे 'उसनी' देण्याची भाषा करते. २०१४ मध्ये त्यांतील एक पुतळा रशियाच्या हर्मिटाज संग्रहालयास असाच उसना दिला होता. ग्रीसने उसने घेतले म्हणजे मालकी लंडनची आहे असे स्वतःच्या सहीने मान्य केल्यासारखे होईल, आणि कोणतेही ग्रीक सरकार तशी सही करणार नाही. इटलीतील पालेर्मोच्या संग्रहालयाने यातून वाट काढली. शिल्पपट्टीतील एका देवतेच्या पावलाचा तुकडा त्याने जानेवारी २०२२ मध्ये चार वर्षांच्या मुदतीने अथेन्सला पाठविला, आणि काही महिन्यांतच तो कायमचा तेथे राहील असा निर्णय केला. ते पाऊल आता अथेन्समध्ये मूळ शिळेला जोडलेले आहे.