रहस्यपटाचे कान

मनोवैज्ञानिक रहस्यपटात खून कोणी केला यापेक्षा कोणाच्या मनात काय चालले आहे, हा प्रश्न मोठा असतो. साध्या रहस्यपटातले धागेदोरे डोळ्यांना दिसतात. रक्ताचा डाग असतो, हरवलेली किल्ली असते, खोटी सही असते. संशय, अपराधाची टोचणी किंवा भ्रम यांचे मात्र छायाचित्र घेता येत नाही, आणि तिथे संगीत कामाला येते. अशा चित्रपटाचे संगीत समजून घ्यायचे तर आधी एकच गोष्ट पाहावी : वाजतो आहे तो आवाज नेमका कोणाला ऐकू येतो? पडद्यावरच्या सगळ्यांना, फक्त प्रेक्षकांना, की एकाच पात्राला, त्याच्या डोक्यात?

श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८) हा पुण्यात घडणारा चित्रपट याचे फार चांगले उदाहरण आहे. नायक आकाश पियानोवादक आहे आणि आंधळेपणाचे सोंग घेऊन वावरतो. एका जुन्या नटाच्या लग्नाच्या वाढदिवशी वाजवायला तो त्याच्या घरी जातो, तर तो नट मरून पडलेला. घरात त्याची बायको सिमी आणि तिचा प्रियकर. वादक आंधळा आहे या समजुतीने ते दोघे त्याच्यासमोरच, तोंडातून चकार शब्द न काढता, प्रेताची विल्हेवाट लावू लागतात. आकाश वाजवत राहतो. इथे पियानो प्रसंगातच वाजतो आहे, पात्रांना तो ऐकू येतो. खुन्यांच्या दृष्टीने ते त्यांच्या हालचालींवरचे पांघरूण; आकाशसाठी मात्र जीव वाचवण्याची एकमेव वाट. हात थबकला, सूर चुकला, की सोंग उघडे पडणार. प्रेक्षक एरवी पियानो ज्या कानाने ऐकतो त्या कानाने इथे ऐकतच नाही. तो चूक होण्याची वाट पाहत असतो. गोड सुरावटीने घशाला कोरड पडावी, ही या प्रसंगाची करामत. भीतीचे म्हणून ओळखले जाणारे संगीत इथे वापरले असते, तर प्रसंग निम्म्यानेही उतरला नसता.

प्रसंगात वाजणारे संगीत आणि वरून घातलेले पार्श्वसंगीत यांतला हा फरक बोलपटाच्या सुरुवातीपासून दिग्दर्शकांनी वापरला आहे. फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (१९३१) या जर्मन चित्रपटात लहान मुलांचा खुनी ग्रीगची एक धून शिट्टीवर वाजवतो. त्याचा चेहरा दिसण्याआधी शिट्टी ऐकू येते, आणि पुढे फुगे विकणारा एक आंधळा त्याला त्या शिट्टीवरूनच ओळखतो.

पार्श्वसंगीताचे काम दुसऱ्या टोकाचे. ते पात्रांना ऐकू येत नाही, पण पात्राच्या मनाची कळ ते प्रेक्षकाच्या मनात दाबते. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’मध्ये (१९६०) चाळीस हजार डॉलर चोरून निघालेली तरुणी बराच वेळ मोटार चालवते. पडद्यावर दिसते ते एवढेच : एक चेहरा, चाक, समोरचा रस्ता. बर्नार्ड हर्मन यांचे संगीत बंद करून हा भाग पाहिला तर तो एक साधा प्रवास वाटतो. संगीतासह पाहिला की तिच्या डोक्यातली पळापळ ऐकू येते. हर्मन यांनी या कृष्णधवल चित्रपटासाठी केवळ व्हायोलिन, व्हायोला, चेलो अशी तंतुवाद्ये घेतली. फुंकीची वाद्ये नाहीत, ताल धरणारी नाहीत. न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नकोच, असे हिचकॉक यांचे आधी मत होते. हर्मन यांनी तरीही ते रचले, आणि ऐकल्यावर हिचकॉक यांनी मत बदलले. आज तो प्रसंग आठवतो तो आधी कानाला.

या संगीतातली भीती येते कुठून? अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो, ती शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे आणि तिचा वापर सर्वांत सोपा. खरे कसब अपेक्षा लांबवण्यात असते. एकच छोटा स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतो, कान पुढच्या स्वराची वाट पाहतो आणि तो स्वर येत नाही. मैफिलीत तिहाई समेवर आली की श्रोत्याची मान आपसूक हलते. रहस्यपटाचा संगीतकार ती समच देत नाही. दुसरी युक्ती स्वरांच्या जवळिकीची. षड्ज आणि कोमल रिषभ रागात एकामागून एक आले तर गोड लागतात, पण एकाच वेळी धरून ठेवले की एकमेकांवर घासतात. तिसरी युक्ती अखंड खालच्या स्वराची. तंबोऱ्याचा स्वर गायकाला आधार देतो. तसाच एखादा खर्ज, वर गाणे नसताना, दोन मिनिटे चालू ठेवला तर काहीतरी अडून बसले आहे असे वाटू लागते.

भारतीय रहस्यपटाची स्वतःची देणगी म्हणजे गाणे. ते कथेत अडथळा आणते, अशी तक्रार नेहमीची आहे, आणि ‘कानून’ (१९६०), ‘इत्तेफाक’ (१९६९), ‘अचानक’ (१९७३), ‘कौन?’ (१९९९) या चित्रपटांनी गाण्यांना फाटा दिलाही. पण चांगल्या दिग्दर्शकाच्या हातात गाणे हाच पुरावा होतो. ‘महल’मध्ये (१९४९) खेमचंद प्रकाश यांच्या गाण्यासाठी लता मंगेशकर मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून गाऊ लागल्या आणि गात गात जवळ आल्या. गाणारी आहे की भास आहे, हा संशय त्या अंतरातूनच तयार झाला.

मराठीत याचा मान राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ला (१९६४) द्यायला हवा. पत्नी वारली असे मानून जगणाऱ्या वकिलासमोर तिच्याच चेहऱ्याची एक आरोपी उभी राहते आणि आपणच ती पत्नी असल्याचे सांगते. ग. दि. माडगूळकर, दत्ता डावजेकर आणि आशा भोसले यांचे त्यातले गाणे पत्नीच्या डोळ्यांना नवऱ्याभोवती फिरत ठेवते. ते प्रेमगीत आहे, तरी चाल कानात राहते ती पाठ न सोडणाऱ्या आठवणीसारखी. म्हणजे ‘पाठलाग’ कोणाचा, याचे अर्धे उत्तर गाण्यातच आहे. याच कथेवर राज खोसला यांनी हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) काढला, तेव्हा मदनमोहन यांनीही ती जागा गाण्यालाच दिली. वसंत जोगळेकर यांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्ये (१९७६) हृदयनाथ मंगेशकर यांनी वेगळा मार्ग धरला. भुताच्या भीतीने पछाडलेल्या नायिकेच्या कथेत त्यांनी लोकगीताच्या वळणाची मोकळी, नाचरी गाणी आणि काळोखात ओढून नेणारी गाणी शेजारी शेजारी ठेवली. आधीच्या मोकळेपणामुळे नंतरचा अंधार जास्त गडद होतो.

शांतता हे संगीतकाराच्या हातातले सर्वांत कठीण साधन, आणि तिचा धडा पुण्यातच गिरवला गेला होता. प्रभात कंपनीने काढलेला, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ (१९३७) हा सामाजिक चित्रपट आहे, रहस्यपट नाही. तरी म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा आणि त्या वकिलाचे हळूहळू खचत जाणे यांतला मानसिक ताण कोणत्याही रहस्यपटाच्या तोडीचा आहे. केशवराव भोळे यांची गाणी त्यात आहेत, पण पार्श्वसंगीत शांतारामांनी टाळले आणि घरातल्या, रस्त्यावरच्या खऱ्या आवाजांवर भिस्त ठेवली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्या घरात वयाची आणि अपराधाची आठवण करून देत राहते. वाद्यमेळ असता तर काय वाटून घ्यायचे ते प्रेक्षकाला आयते मिळाले असते; इथे तो स्वतः कान देतो. प्रभातचे ते आवार १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूटचे आहे, आणि श्रीराम राघवन तिथलेच विद्यार्थी.

प्रत्यक्षात हे संगीत बहुधा चित्रपटाचे संकलन झाल्यावर रचले जाते. दिग्दर्शक आणि संगीतकार चित्रपट एकत्र पाहतात आणि संगीत कुठे सुरू होईल, कुठे थांबेल हे सेकंदाच्या हिशेबाने ठरवतात. संगीत खुनाच्या दोन सेकंद आधी सुरू झाले तर ते प्रेक्षकाला सावध करते, दोन सेकंद उशिरा आले तर धक्का आधी आणि अर्थ नंतर पोहोचतो. शेवटी संवाद, पावले, दाराची करकर आणि संगीत यांचे मिश्रण होते. दाराची करकर संगीताखाली दबली तर कितीही चांगली रचना वाया जाते. खर्जातले, पोटात जाणवणारे आवाज चित्रपटगृहात नीट पोहोचतात, मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून ते जवळजवळ नाहीसे होतात. म्हणून मिश्रण करणारे तंत्रज्ञ मोठ्या स्पीकरवर काम झाल्यावर तेच रीळ साध्या, लहान स्पीकरवरही वाजवून पाहतात, आणि भीती केवळ खर्जावर उभी असेल तर तिथे वरचा एखादा स्वर वाढवून घेतात.