जुना संगणक : ठेवावा की टाकावा?



वसंत व्याख्यानमालेत यंत्रावर बोलण्यासाठी कुणा इंजिनिअरला बोलवावयाचे सोडून चिटणीसांनी माझ्यासारख्या संघटनेच्या कार्यकर्त्याला उभे केले, याचे आपल्याला नवल वाटेल. मला स्वतःलाही वाटले. माझे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही शिकलो ते कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता. परंतु आमच्या कचेरीतील एका जुन्या संगणकाने मला बरेच शिकविले आहे, आणि तेच मी आपल्यापुढे मांडणार आहे.

हा संगणक आम्ही २०१३ साली घेतला. विडी वळणाऱ्या बायांचे भविष्यनिर्वाह निधीचे काम त्यावर चालते. विडी उद्योगाला हा निधी १९७७ साली लागू झाला. पण कायदा लागू होणे वेगळे आणि पैसा हाती पडणे वेगळे. सट्टेदाराच्या वहीत एक नाव, आधारपत्रावर दुसरे, कार्डावर जन्माचे वर्ष तिसरेच! एकेका बाईची अशी कागदपत्रे जुळवून त्यांची चित्रे आम्ही त्या पेटीत साठविली आहेत. म्हणजे पेटी बंद पडली तर नुसते यंत्र बंद पडत नाही, कुणा विधवेचा दावा सहा महिने मागे जातो.

२०२४ च्या पावसाळ्यात हे यंत्र रुसले. सुरू व्हावयास दहा मिनिटे, एक फाईल उघडावयास दोन. त्यात भर म्हणजे निधीचे संकेतस्थळच उघडेना. 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा येई. तालुक्याच्या गावातील एका दुकानदाराला दाखविले. त्याने पेटी उघडलीही नाही. "काका, हे आता भंगार. नवीन घ्या, पस्तीस हजारांत बसवून देतो," म्हणाला. आमची वर्गणी महिना दहा रुपये. पस्तीस हजार म्हणजे साडेतीन हजार वर्गण्या! मी पेटी सायकलवर बांधून परत आणली.

आता संकेतस्थळ का उघडत नव्हते ते ऐका. संगणकाच्या मुख्य पाटीवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. त्याचा क्रमांक सी-आर २०३२. वीज बंद असताना यंत्राचे घड्याळ त्याच्यावर चालते. तो सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळ आपल्या ओळखीचे एक प्रमाणपत्र दाखविते आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. आमच्या यंत्राच्या मते ती मुदत अजून सुरूच झालेली नव्हती! मनगटी घड्याळे दुरुस्त करणाऱ्याकडून सेल आणला, तारीख नीट केली आणि संकेतस्थळ उघडले. खर्च पन्नास रुपयांच्या आत. आजार कोणता हे न पाहता औषध विकत घेऊ नये, हे मी त्या दिवशी शिकलो.

मंदपणा मात्र राहिलाच होता. त्याचे कारण समजण्यासाठी आपण एका कचेरीची कल्पना करू. संगणकात एक कारकून असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. त्याच्यापुढे टेबल असते, ती रॅम, म्हणजे चालू कामाची स्मृती. आणि मागच्या खोलीत कपाट असते, ती हार्ड डिस्क. कारकून कितीही चलाख असो, टेबल हातभर असेल तर दर दोन कागदांमागे त्याला कपाटाकडे पळावे लागणार. बहुतेक जुन्या यंत्रांत कारकून थकलेला नसतो. तो कपाटाशी ताटकळत उभा असतो.

हे तर्काने मानावयाचे कारण नाही, डोळ्यांनी पाहता येते. विंडोज चालत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. कोणावर किती भार आहे ते पडद्यावर टक्क्यांत दिसते. आमच्याकडे प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर स्वस्थ आणि डिस्क शंभर टक्क्यांवर धापा टाकीत होती. रॅम चार जीबी, तीही जवळजवळ भरलेली. ज्याच्याकडे प्रोसेसरच सतत शंभरावर असेल त्याने माझे पुढचे म्हणणे आपल्याला लागू करू नये.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरीची तबकडी फिरते, मिनिटाला ७,२०० फेरे, आणि तिच्यावरून एक बारीक दांडी पुढेमागे सरकत माहिती वाचते. हवी ती जागा गाठावयास तिला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. ऐकावयास हा वेळ क्षुल्लक वाटतो. पण यंत्र सुरू होताना असे हजारो हेलपाटे घालावे लागतात. नव्या तऱ्हेच्या साठवणीत, जिला एस-एस-डी म्हणतात, फिरणारे काही नसते आणि हा हेलपाटा शंभरपट लवकर होतो. जुन्या पेटीतही ती त्याच जोडणीवर बसते. शिवाय आमची तबकडी मधूनच टकटक वाजू लागली होती. असा आवाज आला की दुरुस्तीचा विचार मागाहून करावा, आधी सगळी माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. आम्ही दोन रात्री जागून तेच केले.

रॅमबाबत एक सावधगिरी. तिच्या पिढ्या असतात : डी-डी-आर ३, ४, ५. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खाचेत बसतच नाही. म्हणून जुनी पट्टी काढून सोबत न्यावी आणि तशीच मागावी. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रे ती गिळू लागली. दूरदेशी कुणी काही बांधतो आणि त्याची झळ एकोडीच्या कचेरीला लागते! आमची खरेदी सुदैवाने त्याआधीची. वापरलेली चार जीबीची पट्टी, २५६ जीबीची एस-एस-डी आणि तो सेल मिळून सव्वातीन हजार लागले. यंत्र आता मिनिटाच्या आत तयार होते.

येथेच थांबलो असतो तर व्याख्यान गोड झाले असते. पण १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबविला. घरगुती वापरासाठी वर्षभराच्या जादा सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय त्यांनी जाहीर केली, तेवढेच. विंडोज ११ ला टी-पी-एम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७ नंतरचा. आमचा तिसऱ्या पिढीचा. यंत्र धडधाकट आणि तरी निवृत्तीची नोटीस! अशा नोटिसा मी आयुष्यभर पाहत आलो आहे. (आमच्याच चळवळीतील वडीलधाऱ्यांनी एकेकाळी संगणकाला विरोध केला होता, बँकांत तर १९८३ साली त्यावर रीतसर करार करावा लागला. आज मी त्याच संगणकाची नोकरी वाचविण्यासाठी भांडतो आहे.)

दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावर शेकडो बायांचे आधार क्रमांक ठेवणे मला पटेना. तेव्हा कार्यकारिणीपुढे दोन वाटा होत्या. एक, नागपुराहून मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेली, पण आठव्या पिढीपुढची पेटी घेणे. दुसरी, आहे त्याच पेटीवर लिनक्स ही मोफत प्रणाली घालणे. आम्ही दुसरी धरली. ब्राउझर तोच, त्यामुळे निधीचे काम अडले नाही. लिब्रे ऑफिसमध्ये मराठी युनिकोडमध्ये उत्तम लिहिता येते. परंतु जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली दहा वर्षांची पत्रे युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांची दाणादाण उडाली आणि छपाईयंत्र जुळवावयास तीन रविवार गेले. ज्यांना बोटांचे ठसे घेणारे यंत्र जोडावयाचे आहे त्यांनी ते लिनक्सवर चालते की नाही याची आधी खात्री करावी. नाहीतर त्यांच्यासाठी पहिलीच वाट बरी.

खर्चाची मर्यादा किती ठेवावी, असे पुष्कळ जण विचारतात. माझा हिशेब असा की, तशाच कामाच्या वापरलेल्या चांगल्या पेटीच्या निम्म्याहून अधिक पैसा जुन्या पेटीत घालू नये. आणि घालावयाचा तर अशा वस्तूत, जी पुढच्या पेटीतही नेता येईल. एस-एस-डी नेता येते. जुन्या पिढीची रॅम नेता येत नाही. मुख्य पाटीच जळाली असेल तर मोह सोडावा.

राहता राहिली ती टकटक करणारी डिस्क. भंगारवाला तिचे वीस रुपये देत होता. पण फाईल पुसली तरी पुष्कळदा ती डिस्कवरून परत काढता येते, आणि तिच्यात साऱ्या बायांची कार्डे होती. आमच्या एका विडीकामगार भगिनीने ती अंगणातल्या दगडावर ठेवली आणि हातोडीने तिची तबकडी वाकवली. मग ती आम्ही ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली.