रंग आणि भिंत यांच्यामधला थर

घराला दिलेला रंग किती वर्षे टिकेल हे बहुतांशी त्या रंगाच्या दर्जावर ठरते, असा सर्वसाधारण समज असला, तरी पोपडे धरणे, डाग उमटणे, हाताला भुकटी लागणे अशा बहुतेक तक्रारींचे मूळ रंगात नसून, रंग ज्या पृष्ठभागावर बसतो त्या सीमेवर असते. रंगाच्या एका हाताचा वाळलेला पापुद्रा साधारणपणे २५ ते ४० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा फार तर पंचविसावा भाग, असतो, आणि एवढ्या पातळ थराने सिमेंट, लाकूड किंवा लोखंड यांसारख्या अगदी वेगळ्या स्वभावाच्या पदार्थांना वर्षानुवर्षे धरून ठेवावे अशी अपेक्षा केली जाते. ही पकड ज्या थरावर अवलंबून असते, तो थर म्हणजे प्रायमर किंवा अस्तराचा हात होय. खर्च वाचवताना सर्वांत आधी त्याच्यावरच काट मारली जाते, म्हणून त्याचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे.

रंगापूर्वी पृष्ठभाग घडवण्याची ही समज महाराष्ट्राला नवी नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत खडबडीत कातळावर वनस्पतींचे तंतू व तुसे मिसळलेल्या मातीचा गिलावा चढवून, त्यावर चुन्याचा पातळ हात दिल्यानंतरच चित्रे रंगवली गेली. कातळ, गिलावा, चुना आणि रंग या क्रमातील प्रत्येक थर वरच्या थराला आधार देण्यासाठी होता, आणि आधुनिक प्रायमरमागचे तत्त्वही हेच आहे.

कोणत्याही रंगात मुख्यतः तीन घटक असतात: छटा आणि झाकण्याची क्षमता देणारी रंगद्रव्ये, त्या कणांना एकमेकांशी व पृष्ठभागाशी बांधणारे बंधक, आणि लावण्यापुरता पातळपणा देऊन नंतर उडून जाणारे पाणी किंवा अन्य द्रावक. सिमेंटचा गिलावा केशनलिकांसारख्या असंख्य सूक्ष्म छिद्रांनी भरलेला असल्यामुळे तो टीपकागदाप्रमाणे रंगातील पाणी आणि त्यासोबत काही बंधक आत ओढून घेतो. परिणामी वर उरलेल्या रंगद्रव्याच्या कणांना बांधून ठेवण्यास पुरेसे बंधक राहत नाही, थर भुसभुशीत होतो, आणि शोषण सगळीकडे सारखे नसल्याने कुठे चकाकी, कुठे मंदपणा असे चट्टे दिसतात. प्रायमर ही छिद्रे आधीच मर्यादित प्रमाणात भरतो, सुटे कण बांधतो आणि संपूर्ण भिंतीचे शोषण एकसारखे करतो, त्यामुळे वरच्या महागड्या रंगाची बचतही होते. पुट्टी घासल्यानंतर पृष्ठभाग पुन्हा सच्छिद्र व भुकटीयुक्त होत असल्याने, भुकटी पुसून तिच्यावरही प्रायमरचा हात द्यावा लागतो.

नव्या गिलाव्याचा दुसरा गुणधर्म रासायनिक आहे. सिमेंट आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेल्या चुन्यातील मुख्य संयुग, तयार होते आणि ओल्या गिलाव्याचा सामू १२ ते १३ इतका, म्हणजे तीव्र अल्कधर्मी, असतो. तेलयुक्त रंगातील बंधक असा अल्क व ओलावा यांच्या संपर्कात आला, की त्याचे साबणात रूपांतर होऊ लागते. या साबणीकरणामुळे थर मऊ व चिकट होऊन सुटतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड या चुन्याला हळूहळू कॅल्शियम कार्बोनेटमध्ये बदलतो आणि अल्कता कमी होत जाते. म्हणूनच नव्या गिलाव्याला काही आठवडे वाळू देणे आणि त्यानंतर अल्करोधक प्रायमर लावणे, या दोन्ही गोष्टी लागतात.

लाकडाची अडचण वेगळी असते. हवेतील दमटपणानुसार लाकूड फुगते व आकसते, आणि ही हालचाल तंतूंच्या दिशेपेक्षा आडव्या दिशेत कितीतरी जास्त असल्याने कडक थराला भेगा पडतात. शिवाय काही लाकडांतील टॅनिनसारखी पाण्यात विरघळणारी द्रव्ये रंगातून वर येऊन पिवळे-तपकिरी डाग उमटवतात आणि गाठींमधून राळ पाझरते. त्यामुळे लाकडाच्या प्रायमरला तंतूंत शिरून पकड घ्यावी लागते, थोडे लवचीक राहावे लागते आणि डाग रोखून धरावे लागतात. गाठींवर लाखेचा हात देण्याची जुनी पद्धत याच कारणाने टिकून आहे.

लोखंडाच्या बाबतीत प्रश्न शोषणाचा नसून गंजाचा असतो. रंगाचा थर पाणी आणि ऑक्सिजन यांना पूर्णपणे अडवू शकत नाही, म्हणून चांगल्या प्रायमरमध्ये झिंक फॉस्फेटसारखी गंजरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. जस्ताची पूड भरपूर असलेल्या प्रायमरमध्ये लोखंडाऐवजी जस्तच आधी झिजते. मात्र सुटा गंज, तेलाचा ओशटपणा आणि धूळ काढल्याशिवाय यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही, कारण चिकटण्यासाठी द्रव आधी पृष्ठभागावर पसरून त्याला पूर्ण भिजवणारा असावा लागतो आणि ओशट जागी तो थेंबांच्या रूपात आक्रसतो.

प्रायमरची मर्यादाही तितकीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे: तो ओलीवरचा उपाय नव्हे. गळका नळ, गच्चीतील भेग किंवा जमिनीतून चढणारी ओल यांसोबत क्षार पृष्ठभागापर्यंत येतात, पाणी उडून गेल्यावर त्यांचे स्फटिक बनतात, आणि हा लोणा आपल्या दाबाने प्रायमरसकट रंग उचलून टाकतो. महाराष्ट्रात रंगकाम बहुधा दसरा-दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे भिंतींनी चार महिने पावसाचे पाणी प्यायल्यावर लगेच, उरकले जाते, हे या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. भिंत वाळली आहे का हे पाहण्यासाठी प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांनी भिंतीला घट्ट चिकटवून एक दिवस-रात्र ठेवावा. आतून दव जमले किंवा भिंत काळवंडली, तर ती अजून रंग घेण्याच्या स्थितीत नाही असे समजावे.

जुना रंग खरवडताना आरोग्याचाही विचार अत्यावश्यक ठरतो. लोखंडावर पूर्वी शेंदराचा, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडचा, प्रायमर सर्रास वापरला जात असे. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असल्याने भारताने २०१६च्या नियमांद्वारे घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरवली आहे. परंतु जुन्या खिडक्या-गजांवरील थर त्याआधीचे असू शकतात. ते कोरडे न घासता ओले करून घासावेत, कारागिराला योग्य मुखपट्टी द्यावी आणि मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

रंगकामाचा अंदाज मागताना घरमालकाने छटा व हात किती यांसोबतच पृष्ठभाग कोणता, त्यासाठी प्रायमर कोणता, आणि दोन हातांमध्ये वाळण्यास किती वेळ, हे तिन्ही मुद्दे लेखी घ्यावेत. अनेक कारागीर हे सारे जाणून असतात. त्यांना अडवतो तो सण गाठण्याचा आग्रह आणि सर्वांत कमी दराची मागणी. हा आग्रह सैल केला, तर त्यांच्या अनुभवाला वाव मिळेल, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याच भिंतीवर होणारा खर्चही टळेल.